अमेरिकेचा 'पहिला देश' नकाशा: राज्याराज्यांतल्या स्थलांतरितांचा मूळ देश कसा बदलत गेला?

नकाशेवेडा

परदेशात जन्मलेल्या रहिवाशांत सर्वांत जास्त लोक कुठल्या देशाचे, या एकाच प्रश्नावर अमेरिकेची राज्यं रंगवलेले दोन नकाशे शेजारीशेजारी लावून नेटवर फिरत असतात. डावीकडे १९१०, उजवीकडे अलीकडचं एखादं वर्ष. डावीकडे जर्मनी, रशिया, कॅनडा, नॉर्वे, स्वीडन, इटली अशी ठिगळाठिगळांची गोधडी, उजवीकडे जवळपास सगळा मेक्सिको. खाली प्रतिक्रियाही ठरलेल्या. एक बाजू "देश बदलला हो" म्हणते, दुसरी "सगळे बाहेरूनच आलेले" म्हणते. नकाशा कसा तयार झालाय हे मात्र कुणी विचारत नाही. म्हणून हा धागा.

आधी देशपातळीचा क्रम सांगतो. जनगणनेत जन्मदेश विचारायला १८५० पासून सुरुवात झाली. १८५०, १८६० आणि १८७० या तिन्ही वेळा पहिला आयर्लंड. १८८० ते १९२० जर्मनी. १९३० ते १९७० इटली. १९८० पासून आजतागायत मेक्सिको. एकूण परदेशी जन्मलेले १८५० मध्ये २२ लाख होते, लोकसंख्येच्या ९.७%. १८९० मध्ये हे प्रमाण १४.८%, १९१० मध्ये १४.७%. मग उतरत उतरत १९७० मध्ये ४.७% वर आलं आणि पुन्हा चढून २०२२ मध्ये १३.९%, म्हणजे ४ कोटी ६२ लाख.

पहिल्या क्रमांकाचं वजन दर वेळी सारखं नव्हतं. १९१० मध्ये जर्मनीचा वाटा सतरा-अठरा टक्के होता. १९७० मध्ये पहिला आलेला इटली जेमतेम साडेदहा टक्के. २०१० मध्ये मेक्सिको २९%, आणि त्याच्या मागचा देश पाच टक्क्यांच्या आसपास. नकाशात तिघांनाही रंग तेवढाच गडद मिळतो.

माझं म्हणणं एवढंच, की हा नकाशा 'सध्या कोण येतंय' हे दाखवत नाही. आलेल्यांपैकी कोण हयात आहे आणि त्या राज्यातच राहिलंय, हे दाखवतो. हा फरक सुटला की पुढचे सगळे निष्कर्ष घसरतात. जाणकारांनी भर घालावी.

---

बारागावचंपाणी

चांगला विषय. तुमच्या शेवटच्या मुद्द्याला इटलीइतकं चोख उदाहरण दुसरं नाही.

१९०१ ते १९१० या दहा वर्षांत इटलीतून वीस लाखांवर माणसं आली. मग १९२१ चा कायदा आला. प्रत्येक देशाला, १९१० च्या गणनेत त्या देशाचे जेवढे लोक अमेरिकेत होते त्याच्या ३% इतकाच वार्षिक कोटा. इटलीच्या वाट्याला ४२,०५७. तेवढ्याने समाधान झालं नाही म्हणून १९२४ मध्ये टक्केवारी २ वर आणली आणि आधारवर्ष मागे नेलं, १८९०. आधारवर्ष का हलवलं? कारण १८९० मध्ये इटली, पोलंड, रशियाकडचे लोक अजून फारसे आलेच नव्हते. इटलीचा कोटा एका झटक्यात ३,८४५ झाला. जर्मनीला त्याच कायद्यात ५१,२२७ मिळाले.

आता गंमत बघा. दार लागलं १९२४ मध्ये आणि इटली पहिल्या क्रमांकावर आला १९३० मध्ये, तो १९७० पर्यंत हलला नाही. जर्मनांचा लोंढा १८८० च्या दशकातला, त्या दहा वर्षांत साडेचौदा लाख. ती पिढी १९२०-३० पर्यंत म्हातारी होऊन संपत आली. इटालियन वीस वर्षांनी मागून आलेले आणि येताना तरुण, त्यामुळे ते टिकले. १९७० मध्ये अमेरिकेतल्या एकूण परदेशी जन्मलेल्यांचं मध्यक वय जवळपास ५२ वर्षं होतं. म्हणजे १९६० किंवा १९७० चा नकाशा बऱ्याच अंशी वृद्धांचा नकाशा आहे.

मेक्सिकोचं नेमकं उलट. कोट्याचे कायदे पश्चिम गोलार्धाला लागूच नव्हते. १९३० मध्ये मेक्सिकोत जन्मलेले ६ लाख ४१ हजार होते. मंदीत लोकांना धाकदपटशाने आणि सक्तीने परत पाठवलं गेलं, १९४० ला उरले ३ लाख ७७ हजार. १९४२ ते १९६४ मेक्सिकोतून हंगामी मजूर आणण्याचा ब्रासेरो करार चालला, शेतमजुरीचे सुमारे ४६ लाख करार झाले. करार म्हणतोय, माणसं नव्हे, कारण एकच माणूस अनेक हंगामांना यायचा. ही माणसं हंगामी असल्यामुळे गणनेत फार कमी दिसतात. मग १९६५ चा कायदा आला. त्याने देशवार भेदभावाचा कोटा काढला, पण पश्चिम गोलार्धावर पहिल्यांदाच १ लाख २० हजारांची मर्यादा घातली, आणि १९७६ मध्ये तिथेही प्रत्येक देशाला वर्षाला २०,००० ची. ब्रासेरो बंद, व्हिसा मोजके, मळ्यातलं काम आहे तिथेच. तीच माणसं आता बिनकागदाची यायला लागली, आणि सीमा ओलांडणं जसजसं कठीण झालं तसतशी परत जायची थांबली. १९८६ च्या कायद्याने सुमारे २७ लाख लोकांना कागदपत्रं मिळाली, त्यांतले बहुसंख्य मेक्सिकोचे. मेक्सिकोचा रंग पसरायला येणं जितकं कारणीभूत, तितकंच हे परत न जाणं.

---

पाटीपेन्सिल

देशाचं कळलं. पण राज्यागणिक एवढा फरक का? जर्मन विस्कॉन्सिनला गेले, नॉर्वेजियन डकोटाला, हे हवामानामुळे असं सगळीकडे वाचायला मिळतं. "थंडीतले लोक थंडीत गेले" हे पटत नाही.

---

बारागावचंपाणी

पटू नयेच. टेक्सासच बघा. १८४२ मध्ये जर्मन सरदारांनी वसाहतीसाठी एक संघ काढला, १८४५ मध्ये न्यू ब्राउनफेल्स आणि १८४६ मध्ये फ्रेडरिक्सबर्ग वसलं. १८६० च्या गणनेत टेक्सासमध्ये जर्मनीत जन्मलेले वीस हजारांवर आणि मेक्सिकोत जन्मलेले साधारण साडेबारा हजार. मेक्सिकोला खेटून असलेलं राज्य, तरी पहिला जर्मनी. १८७० ला दोघे जवळजवळ बरोबरीत आणि १८८० ला मेक्सिको पुढे. मध्यपश्चिमेत जर्मन रंग अजून चाळीस-पन्नास वर्षं टिकायचा होता, तेव्हा टेक्सासमधला उतरलासुद्धा.

हवामानापेक्षा कामाचा नियम लावून बघा: त्या भागात जमीन किंवा कारखाना ज्या दशकात उघडला, त्या दशकात जो देश माणसं पाठवत होता, तो त्या भागाला चिकटला. पुढे नातलग नातलगांना बोलावत राहिले. विस्कॉन्सिनची जमीन १८४०-५० च्या दशकांत विकायला निघाली, तेव्हा जर्मन येत होते. डकोटाचं गवताळ मैदान रेल्वेने १८७० नंतर खुलं केलं. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जवळपास फुकट, आणि नेमक्या त्या काळात नॉर्वे-स्वीडनमध्ये घरटी माणूस बाहेर पडत होता. १९१० मध्ये नॉर्थ डकोटात पहिला नॉर्वे, मिनेसोटात पहिला स्वीडन. मिनेसोटात जर्मनी आणि नॉर्वे फार मागे नव्हते, तिघेही एक लाख ते सव्वा लाखाच्या पट्ट्यात.

न्यू इंग्लंडमध्ये जमीन नव्हती, कापडगिरण्या होत्या. आधी आयरिश आले, मग क्वेबेकचे फ्रेंच भाषिक. १८४० ते १९३० या काळात क्वेबेकमधून सुमारे नऊ लाख लोक दक्षिणेकडे उतरले. लोवेल, मँचेस्टर, लुइस्टन, वूनसॉकेट ही त्यांची गावं. रेल्वेने एका दिवसात पोचता यायचं आणि गिरणीत पोराबाळांसकट सगळ्या घराला काम मिळायचं. फॉल रिव्हर आणि न्यू बेडफर्डला अझोर्स बेटांवरचे पोर्तुगीज: आधी देवमाशांच्या शिकारीच्या जहाजांवरून, नंतर गिरण्यांत. १९५७-५८ मध्ये अझोर्समधल्या फायल बेटावर कापेलिन्योस ज्वालामुखी फुटला, तेव्हा १९५८ मध्ये खास कायदा करून तिथल्या लोकांना व्हिसा दिले. ती माणसं कुठे गेली? जिथे काका-मामा आधीपासून होते तिथेच.

दक्षिणेकडची राज्यं मात्र या सगळ्यात मोडतच नाहीत. १९१० मध्ये मिसिसिपी किंवा नॉर्थ कॅरोलायनात परदेशी जन्मलेले एक टक्कासुद्धा नव्हते. शेतमजुरी स्वस्त होती, बाहेरच्याला जमीन मिळण्याची सोय नव्हती. तिथे 'पहिला देश' अगदी थोड्या माणसांवर ठरतो, आणि नकाशात रंग न्यूयॉर्कएवढाच ठळक.

---

शिरगणती

हा नकाशा स्वतः करून बघायचा असेल तर कृती देतो. कच्चा माल आयपम्स यूएसए (मिनेसोटा विद्यापीठाचा जनगणनेच्या नोंदींचा संग्रह) याच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो, फक्त नोंदणी करावी लागते.

१८५० ते १९५० ची पूर्ण गणना घ्या. त्यात १८९० नाही. १८९० चे कागद १९२१ च्या वॉशिंग्टनमधल्या आगीत गेले, त्यामुळे व्यक्तिगत नोंदी मिळत नाहीत, पण छापील तक्ते शाबूत आहेत. त्या वर्षापुरते आकडे तिथून हाताने भरावे लागतात. १९६० पासून नमुने. १९६०, १९८०, १९९०, २००० साठी ५% चे, १९७० साठी १% चे. २००० नंतर जनगणनेत जन्मदेशाचा प्रश्नच नाही. २०१० आणि २०२० च्या जनगणनेतून जन्मदेश काढलाय असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबवा. तो येतो एसीएस (अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे) या जनगणना खात्याच्या वार्षिक सर्वेक्षणातून. नुसता तयार तक्ता हवा असेल तर एसीएसचा बी०५००६ क्रमांकाचा तक्ता उतरवा.

आयपम्समधून पाच रकाने मागवा: वर्ष, राज्य, जन्मस्थान, नागरिकत्व आणि व्यक्तीचं वजन (म्हणजे नमुन्यातला एक माणूस प्रत्यक्षातल्या किती जणांच्या जागी धरायचा तो आकडा). जन्मस्थानाच्या सर्वसाधारण संकेतांकांत १ ते ५६ म्हणजे अमेरिकी राज्यं, १०० ते १२० म्हणजे अमेरिकेच्या ताब्यातली बेटं वगैरे (प्वेर्तो रिको ११०), आणि १५० पासून परदेश. कॅनडा १५०, मेक्सिको २००, आयर्लंड ४१४, इटली ४३४, जर्मनी ४५३, चीन ५००, फिलिपिन्स ५१५, भारत ५२१. ९०० च्या पुढचे 'अज्ञात' आणि 'इतर', ते काढून टाका. मग वर्ष-राज्य-देश असा गट पाडून डोकी मोजू नका, वजनांची बेरीज करा. ज्याची बेरीज सर्वांत मोठी तो पहिला. काम एवढंच, पंधरा ओळींचं. खरी मेहनत पुढच्या खड्ड्यांची आहे.

पहिला खड्डा पोलंड. १७९५ ते १९१८ या काळात पोलंड नावाचा देशच नव्हता. १९१० च्या छापील तक्त्यांत तिथले लोक जर्मनी, रशिया आणि ऑस्ट्रियात वाटले गेलेत. तुम्ही त्यांना मातृभाषेवरून बाहेर काढलंत की जर्मनीचा आकडा खाली येतो, नाही काढलंत तर वर राहतो. १९१० च्या जर्मनीसाठी कुठे २३ लाख तर कुठे २५ लाख दिसतात त्यामागे सीमा कुठली धरली हाच वाद असतो. मातृभाषेचा प्रश्न नेमका १९१० पासून सुरू झाला, त्याचा उपयोग करा.

दुसरा, एकत्र करायचं की वेगळं. मॅसॅच्युसेट्स १९१०: छापील तक्त्यात फ्रेंच कॅनडा आणि इतर कॅनडा असे दोन रकाने आहेत. वेगळे ठेवलेत तर पहिला आयर्लंड येतो. दोन्ही जोडलेत तर कॅनडा तीन लाखांच्या आसपास जातो आणि आयर्लंडला मागे टाकतो. तसंच इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्सचं. तसंच आज चीनमध्ये हाँगकाँग आणि तैवान धरायचे की नाही याचं. कुठलाही पर्याय चालेल, पण १८५० पासून आजपर्यंत एकच लावा आणि नकाशाखाली लिहा.

तिसरा खड्डा १८५० आणि १८६० चा. या वर्षांच्या व्यक्तिगत नोंदी फक्त स्वतंत्र लोकांच्या आहेत. गुलामांची वेगळी यादी होती आणि त्यात जन्मस्थान नव्हतं. १८६० मध्ये ती संख्या जवळपास ४० लाख. आयपम्सच्या फाइलवरून सरळ टक्केवारी काढली की दक्षिणेतल्या राज्यांत परदेशी जन्मलेल्यांचं प्रमाण फुगून येतं. छेदात ती संख्या बाहेरून मिळवावी लागते. क्रम बदलत नाही, टक्के बदलतात.

चौथा जर्मनीचाच, पण आधुनिक. आजच्या आकड्यांत लष्करी तळ असलेल्या राज्यांत जर्मनी अनपेक्षितपणे वर दिसला तर नागरिकत्वाचा रकाना बघा. संकेतांक १ म्हणजे अमेरिकी आईबापांच्या पोटी परदेशात जन्मलेले. जर्मनीतल्या तळांवर झालेली सैनिकांची मुलं इथे येतात. ती स्थलांतरित नव्हेत, वगळायची. बी०५००६ मध्ये ती आधीच वगळलेली असतात, आयपम्समध्ये तुम्हाला वगळावी लागतात. दोन ठिकाणचे आकडे जुळत नाहीत अशी तक्रार येते तिचं मूळ बहुतेक वेळा हेच. जुन्या काही वर्षांत हा रकाना नाही, त्यामुळे तिथे हा भेद करता येत नाही.

---

पाटीपेन्सिल

जबरदस्त प्रतिसाद, वाचनखूण साठवली. दोन शंका. हवाईमध्ये फिलिपिन्सचे लोक १९०६ पासून आहेत म्हणतात, मग जुन्या तक्त्यात ते परदेशी म्हणून का सापडत नाहीत? आणि आज मॅसॅच्युसेट्समध्ये पहिला देश कोण? तीन ठिकाणी तीन उत्तरं आहेत.

---

शिरगणती

हवाईचं उत्तर सीमेत आहे. १८९८ मध्ये फिलिपिन्स अमेरिकेच्या ताब्यात आलं. तिथले लोक नागरिक नव्हते, पण परदेशीही नव्हते. हवाईतल्या मळेवाल्यांना ते सोयीचं पडलं: १८८२ च्या कायद्याने चिनी मजूर बंद, १९०७-०८ च्या सामंजस्याने जपानी मजूर बंद, उरले ते फिलिपिनो. १९३४ च्या कायद्याने त्यांनाही वर्षाला ५० चा कोटा लावला. १९४६ मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर, म्हणजे १९५० च्या गणनेपासून, ते 'परदेशी जन्मलेले' झाले. आज हवाई आणि अलास्का दोन्हीकडे पहिला फिलिपिन्स. अलास्कात मासे डबाबंद करणारे कारखाने हा जुना धागा. प्वेर्तो रिकोचे लोक अजूनही परदेशी धरले जात नाहीत. न्यूयॉर्क किंवा कनेटिकटमध्ये त्यांना धरलं तर चित्र पार वेगळं दिसेल.

मॅसॅच्युसेट्सचं त्रिज्या सांगतील, त्यांचा प्रांत.

---

त्रिज्या

बोलावलंत, आले.

मॅसॅच्युसेट्समध्ये ब्राझील, चीन आणि डोमिनिकन प्रजासत्ताक अगदी खेटून आहेत. एसीएस हे नमुना सर्वेक्षण आहे, प्रत्येक आकड्यासोबत ९०% विश्वासपातळीची त्रुटीमर्यादा दिलेली असते आणि नकाशेवाले ती बघतही नाहीत. उदाहरणादाखल आकडे घेऊ (खरे नाहीत, हिशोबासाठी). अ देश ८५,००० ± ९,०००, ब देश ७९,००० ± ८,५००. फरक ६,०००. फरकाची त्रुटीमर्यादा काढायला दोन्ही मर्यादांचे वर्ग करून बेरीज करा आणि वर्गमूळ घ्या: ८ कोटी १० लाख अधिक ७ कोटी साडेबावीस लाख, वर्गमूळ साधारण १२,३८०. सहा हजार त्याहून लहान, म्हणजे कोण पुढे हे सांगता येत नाही. पुढच्या वर्षी ब पहिला आला तर "राज्यात मोठा बदल" अशी बातमी होते, प्रत्यक्षात सर्वेक्षणाची घरं बदललेली असतात.

उपाय सोपा. लहान राज्यांना आणि अटीतटीच्या राज्यांना एका वर्षाचा आकडा वापरू नका, पाच वर्षांचा एकत्रित घ्या. एका वर्षाचे आकडे तसेही फक्त ६५,००० च्या वर लोकसंख्येच्या भागांसाठीच येतात, जिल्हा पातळीवर गेलात की पर्याय उरत नाही. पाच वर्षांचे संच एकमेकांवर चढवू नका. २०१३-१७ नंतर २०१८-२२ घ्या, २०१४-१८ नको, कारण चार वर्षं सामाईक असतात आणि बदल दडपला जातो. २०२० चा एकवर्षीय आकडा तर टाळाच, साथीमुळे प्रतिसाद इतका कमी होता की जनगणना खात्याने तो नेहमीच्या रूपात काढलाच नाही.

आणि मुळात 'पहिला कोण' हा प्रश्नच तोकडा आहे. प्रत्येक देशाच्या वाट्याचा वर्ग करून बेरीज करा आणि १ ला तिने भागा. 'परिणामी देशसंख्या' मिळते. एकाच देशाचे सगळे असतील तर १, दहा देशांचे समान असतील तर १०. राज्यं या आकड्याने रंगवली की आजचा एकरंगी नकाशा फुटतो. मेक्सिको पहिला असलेल्या दोन राज्यांत एकाचा वाटा निम्म्याहून जास्त आणि दुसऱ्याचा पंधरा टक्के असू शकतो, ही दोन राज्यं एकाच रंगात दाखवणं म्हणजे शुद्ध फसवणूक आहे.

---

नकाशेवेडा

त्रिज्या, हे झकास. आता मेक्सिकोच्या पसरण्याबद्दल लिहितो, कारण तिथे प्रदेश ढळढळीत बदललाय.

१९९० मध्ये मेक्सिकोत जन्मलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त एकट्या कॅलिफोर्नियात होते. पुढच्या दहा वर्षांत हे प्रमाण निम्म्याच्या खाली आलं, एकूण संख्या ४३ लाखांवरून ९२ लाखांवर जात असताना. चार गोष्टी एकदम झाल्या. १९८६ च्या कायद्याने कागद हातात आल्यामुळे लोक हवं तिथे जायला मोकळे झाले. नव्वदीच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात मंदी होती. १९९४ मध्ये तिथे बिनकागदाच्या लोकांच्या सरकारी सोयी बंद करणारा प्रस्ताव १८७ मतदानाने मंजूर झाला, तो पुढे न्यायालयात अडकला, पण वातावरण कळलं. आणि त्याच वर्षी सॅन दिएगोजवळची सीमा आवळली गेल्यामुळे ओलांडण्याच्या वाटा पूर्वेला ॲरिझोनाकडे सरकल्या.

दुसऱ्या टोकाला कामं तयार होती. गोमांसाचे कारखाने शिकागो, कॅन्सस सिटीसारख्या शहरांतून, जिथे कामगार संघटना बळकट होत्या, तिथून उठून जनावरांच्या गोठ्यांजवळ छोट्या गावांत गेले: कॅन्ससमधलं गार्डन सिटी, नेब्रास्कातलं लेक्सिंग्टन. पट्ट्यावरचं काम वेगाचं, मनगटं आणि खांदे कामातून जातात, माणसं टिकत नाहीत. त्यामुळे भरती कधी थांबतच नाही. काही हजार वस्तीच्या गावात स्थानिक माणूस पुरणार किती? जॉर्जियातल्या डाल्टनमध्ये गालिचे, आर्कान्सा आणि नॉर्थ कॅरोलायनात कोंबड्या. आर्कान्सातल्या स्प्रिंगडेलला तर मार्शल बेटांचे लोक आहेत. १९८६ पासूनच्या करारामुळे त्यांना व्हिसा लागत नाही.

देशपातळीवर मात्र मेक्सिकोचा आकडा २०१० मधल्या १ कोटी १७ लाखांवरून २०२२ पर्यंत १ कोटी ७ लाखांवर उतरलाय, वाटा २९ वरून २३ टक्क्यांवर. २०१३ मध्ये नव्याने आलेल्यांत चीन आणि भारत मेक्सिकोच्या पुढे गेले. 'पहिला देश' नकाशात याचा मागमूस नाही. बारागावचंपाणींनी इटलीबद्दल जे लिहिलं तेच पुन्हा घडतंय: येणारे बदलले, रंग तसाच. ज्यांना बदल आत्ता बघायचाय त्यांनी आगमन वर्षाचा रकाना घेऊन फक्त गेल्या पाच वर्षांत आलेल्यांचा नकाशा करावा.

---

पाटीपेन्सिल

भारत कुठल्या राज्यांत पहिला आहे?

---

बारागावचंपाणी

ठाम उदाहरण न्यू जर्सी. देशात भारतात जन्मलेले १९६० मध्ये साधारण १२,०००, १९८० मध्ये २ लाख, २००० मध्ये १० लाख, २०२२ मध्ये २८ लाखांच्या घरात. सुरुवात पश्चिम किनाऱ्यावर झाली होती: विसाव्या शतकाच्या आरंभी कॅलिफोर्नियाच्या इंपीरियल आणि सॅक्रामेंटो खोऱ्यांत पंजाबी शेतकरी. १९१७ च्या कायद्याने आशियाचा मोठा पट्टा बंद केला, १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद खटल्यात भारतीयांना नागरिकत्वही नाकारलं. १९४६ मध्ये मिळाला तो वर्षाला १०० चा कोटा. १९६५ नंतर डॉक्टर-इंजिनिअर आले, १९९० च्या कायद्याने एच-१बीला ६५,००० ची मर्यादा ठरवली आणि २००१ ते २००३ ती १,९५,००० होती. भारतीय रंग दिसतो तिथे पगारदार संगणकक्षेत्र किंवा औषधउद्योग असतो. कॅलिफोर्नियात न्यू जर्सीपेक्षा भारतीय जास्त आहेत, पण तिथे मेक्सिकोपुढे त्यांचा क्रमांक लागत नाही. 'पहिला' असणं आणि 'जास्त' असणं वेगळं, ते असं.

बाकी मेक्सिको नसलेली राज्यं म्हणाल तर फ्लोरिडात क्यूबा, न्यूयॉर्कमध्ये डोमिनिकन प्रजासत्ताक, मेरीलँडमध्ये एल साल्वादोर. मेन आणि व्हरमाँटमध्ये कॅनडा अजून टिकून आहे. एल साल्वादोरमागे १९८० ते १९९२ चं यादवी युद्ध आणि १९९० च्या कायद्यातलं तात्पुरतं संरक्षण.

---

शिरगणती

एक पुरवणी, कारण इथे बरेच जण चुकतात. जन्मदेश म्हणजे मूळ देश नव्हे. मिनेसोटात थायलंडचा आकडा मोठा दिसतो. ते थाई नाहीत, लाओसमधून पळालेल्या ह्मोंग लोकांची निर्वासित छावण्यांत जन्मलेली मुलं आहेत. ओहायोतला नेपाळ म्हणजे बराचसा भूतानमधून हाकललेले नेपाळी भाषिक. केनियात जन्मलेल्यांत सोमाली छावण्यांतले. १९१० च्या डकोटा-कॅन्ससमधला 'रशिया' म्हणजे व्होल्गा आणि काळ्या समुद्राकाठचे जर्मन भाषिक शेतकरी, ज्यांना १८७० च्या दशकात लष्करभरतीची सक्ती झाल्यावर ते निघाले. न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सचा गयाना बराचसा भारतीय वंशाचा. आणि फाळणीपूर्वी लाहोरला जन्मलेला माणूस गणनेत भारत सांगतो की पाकिस्तान, हे त्याच्यावर अवलंबून.

हे तपासायला १९१० ते १९४० आणि १९६०-७० साठी मातृभाषा, १९८० पासून घरी बोलायची भाषा आणि सांगितलेला वंश हे रकाने जन्मदेशासमोर ठेवा. एखाद्या राज्यात थायलंड आणि ह्मोंग भाषा एकाच ओळीत भरघोस दिसले की समजायचं. पण भाषेचा रकाना पाच वर्षांखालच्या मुलांसाठी रिकामा असतो, तेवढं वय वगळून दोन्ही बाजू मोजा, नाहीतर बेरीज जुळणार नाही.

---

नकाशेवेडा

बरोबर. नकाशा पुन्हा करताना दोन नियम लावतोय: पहिल्या दोन देशांतला फरक त्रुटीमर्यादेच्या आत असेल तर त्या राज्यात दोन्ही रंगांच्या तिरप्या रेघा, आणि परदेशी जन्मलेले एक टक्क्याहून कमी असतील तर राज्य कोरं. दुसऱ्या नियमाने १९१० च्या नकाशात दक्षिणेतली मिसिसिपी, नॉर्थ कॅरोलायनासारखी राज्यं पांढरी पडतील. जुन्या पूर्ण गणनांना त्रुटीमर्यादा नाही, तिथे पहिल्या-दुसऱ्यातला फरक पाच टक्क्यांच्या आत आला की रेघा मारेन. वर्षं १८६०, १८८०, १९१०, १९४०, १९७०, २००० आणि २०१८-२२. कॅनडा एकत्र, ब्रिटन वेगवेगळं, चीनमध्ये तैवान धरलेलं नाही. कुणाला ब्रिटन एकत्र हवं असेल तर आत्ताच सांगा, युटामध्ये १९१० ला इंग्लंड एकटाच पहिला येतो, पण इतर दोन-चार ठिकाणी निकाल फिरू शकतो.